रमच्या लेबलला हात लावण्याआधी : तालुक्याच्या डिझायनरसाठी मार्गदर्शक

तालुक्याच्या गावात डिझाइनचं दुकान म्हणजे सगळंच आलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, बियाण्याची पाकिटं, संत्र्याच्या पेटीवरचे छापे, बचत गटाच्या पापडांची लेबलं. मग एखाद दिवशी कुणाच्या तरी ओळखीनं एक शेठ येतात आणि टेबलावर बाटली ठेवतात. "रम आपली चांगली आहे भाऊ, पण बाटली स्वस्त दिसते. प्रीमियम करून द्या." दारूच्या लेबलला असा पहिल्यांदाच हात लावणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कोरल किंवा इलस्ट्रेटर चालवता येतं, हे गृहीत धरलं आहे.

काम घेताना एक गोष्ट डोक्यात पक्की करा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे आपल्या राज्यात दारूची जाहिरात करता येत नाही. टीव्हीची वाट केबल नेटवर्कच्या १९९४ च्या नियमांनी बंद केली आहे. बियाणं कंपन्या गावोगावच्या भिंती रंगवतात, एसटी स्टँडवर फ्लेक्स लावतात, तसं काहीही रमला करता येत नाही. जे सांगायचं ते बाटलीवरच्या तळहाताएवढ्या कागदावरच. त्यामुळे या कामाला पत्रिकेचा दर लावू नका.

पायरी १ : जिल्हा कोणता, ते बघा

विदर्भात हे विसरून चालत नाही. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. डिझायनरला याचं काय? नागपूरहून अमरावतीला जाणारा रस्ता मधे वर्धा जिल्ह्यातून जातो. नमुन्याची भरलेली बाटली बॅगेत टाकून तुम्ही कारंजा-तळेगाव ओलांडत असाल, तर "मी डिझायनर आहे" हे नाक्यावर कुणी ऐकून घेणार नाही.

म्हणून शेठकडून रिकाम्या बाटल्या मागा, झाकणासकट, प्रत्येक मापाच्या पाच-सहा. रंग बघायला त्यात कोरा चहा भरा. पत्ती कमी-जास्त केली की रमचा तांबूस-तपकिरी रंग बराच जवळ येतो, फोटोलाही चालतो.

घरातून किंवा ओळखीपाळखीतून विरोधही होऊ शकतो. या भागात दारूबंदीच्या मागण्यांमागे बहुतेक ठिकाणी बायाच उभ्या राहिल्या, आणि त्यांना दारूनं काय दाखवलं ते आपल्याला ठाऊक आहे. काम घ्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. घेतलं तर तरुण पोरांना भुलवणारं लेबल करू नका एवढं माझं म्हणणं. महाराष्ट्रात रम प्यायचं कायदेशीर वय २५ आहे. कार्टून, क्रिकेटची बॅट, कॉलेजची मस्ती हे त्या बाटलीवर नकोच.

पायरी २ : "प्रीमियम" म्हणजे किती रुपये, ते विचारा

शेठच्या तोंडी प्रीमियम हा शब्द सैल असतो. तो आकड्यावर आणा. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचा कर वाढवला तेव्हा १८० मिलीच्या बाटलीच्या किमान किमतीही ठरवल्या: देशी ८० रुपये, नवा 'महाराष्ट्र मेड लिकर' प्रकार १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५, आणि प्रीमियम विदेशी ३६०. यातला १४८ चा प्रकार फक्त धान्यापासून केलेल्या दारूसाठी आहे. रम उसाची, त्यामुळे तिला ती पायरी नाही.

या आकड्यांवरून तुमच्या लेबलचं काम ठरतं. २०५ च्या आसपासच्या रमला उठून दिसायचं असतं. ३६० च्या पुढच्या रमला, गिऱ्हाइकानं जास्तीचे पैसे कशाचे दिले, याचं उत्तर द्यायचं असतं. ही दोन्ही कामं एकच लेबल करत नाही. शेठला दोन्ही हवं असेल तर तिथेच थांबा आणि ठरवून घ्या.

मग मालाबद्दल विचारा. रम मळीपासून आहे, उसाच्या रसापासून की गुळापासून? लाकडी पिंपात किती काळ ठेवली? कॅरॅमल (जळक्या साखरेचा रंग) घातलंय का? मुरवण्याचं वय लेबलवर लिहायचं तर मिश्रणातल्या सगळ्यात तरुण दारूचं वय लिहावं लागतं. थोडी जुनी रम शिंपडून तिचंच वय मोठ्या अक्षरात छापता येत नाही. आपल्याकडे तीन-चार वर्षांचा आकडा लहान वाटतो, पण त्यातही सांगण्यासारखं आहे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली दारू वर्षाला साधारण २ टक्के उडते. आपल्या उन्हाळ्यात ती कितीतरी जास्त उडते आणि मुरतेही लवकर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या भागात पिंपातली दारू काय सोसते, हे मागच्या लेबलवर दोन ओळींत येऊ शकतं. त्यासाठी ते खरंच घडलेलं असावं लागतं. पिंपच नसेल तर पिंपाचं चित्रही नको.

पायरी ३ : जुनी बाटली दुकानात जाऊन बघा

स्क्रीनवर जुनं लेबल बघून काहीच कळत नाही. इंग्लिशच्या दुकानात जा. जाळी, जाळीच्या आत काउंटर, त्यामागे चार-पाच फुटांवर फळ्या, वर ट्यूबलाइट. गिऱ्हाईक बाटली हातात घेऊन लेबल वाचत नाही, बोट दाखवतं आणि पैसे सरकवतं. तुमचं लेबल तिथे, तेवढ्या अंतरावरून, तेवढ्याच वेळात बघितलं जाणार.

संध्याकाळी गर्दीच्या वेळी बाजूला उभं राहून लोक कसं मागतात ते ऐका. "ती लाल झाकणाची दे", "चपटी दे", "बंपर आहे का". पूर्ण नाव घेणारे फार थोडे. झाकणाचा रंग, बाटलीचा आकार, एखादा पट्टा, एखादं चित्र, यांच्यावर विक्री चाललेली असते आणि शेठला बरेचदा त्याचा पत्ताच नसतो. काउंटरवरच्या पोराला असतो. त्याला विचारा.

नव्या डिझायनरला जुनं सगळं पुसून टाकायची फार हौस असते. रमच्या बाबतीत ती महागात पडते, कारण रम पिणारा गडी सवयीचा पक्का. ओल्ड मंक १९५४ पासून बाजारात आहे आणि तिची ती बुटकी, खडबडीत काचेची बाटली अंधारात हात लावूनही ओळखू येते. आपल्याकडे रमची ओळख बऱ्याच घरांत कामठीच्या छावणीमुळे किंवा निवृत्त फौजीच्या कँटीनच्या कोट्यातून आली. लोकांच्या मनात रम म्हणजे गडद रंग, जाड काच, लष्करी साधेपणा. त्याला एकदम फिक्या, परफ्यूमच्या बाटलीसारख्या लेबलात घातलं की जुनं गिऱ्हाईक "कंपनी बदलली" म्हणतं आणि शेजारची बाटली उचलतं.

एक सोपी चाचणी करा. जुन्या लेबलचा फोटो घेऊन एकेक गोष्ट झाका: आधी चित्र, मग नाव, मग पट्टा, मग झाकण. प्रत्येक वेळी दुकानातल्या पोराला दाखवा. जे झाकल्यावर तो अडखळेल, ते ठेवायचं. अशा दोन गोष्टी निघाल्या तरी पुष्कळ. बाकीचं बदलायला तुम्ही मोकळे.

पायरी ४ : सरकारची जागा आधी आखून घ्या

बहुतेक जण आधी सुंदर लेबल करतात आणि शेवटी कायद्याचा मजकूर कोपऱ्यात कोंबतात. उलटं करा. रिकाम्या आकृतीवर आधी सक्तीचा मजकूर ठेवा. उरेल ती जागा तुमची.

अल्कोहोलयुक्त पेयांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत, १ एप्रिल २०१९ पासून लागू. मद्यसेवन आरोग्याला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, हा इशारा त्यांनी सक्तीचा केला. नियमात तो इंग्रजी मोठ्या अक्षरांत दिलेला आहे, राज्याच्या इच्छेप्रमाणे स्थानिक भाषेतही चालतो. ७५० मिलीच्या बाटलीवर त्याच्या अक्षरांची उंची ३ मिलिमीटरपेक्षा कमी नको. तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. लेबलवर ठेवून बघा, चांगलीच जागा खातं. देवनागरीत ठेवणार असाल तर वरच्या वेलांट्या आणि खालच्या उकारांसाठी ओळींमधलं अंतर वेगळं धरा.

याशिवाय अल्कोहोलचं प्रमाण. आपल्याकडच्या बहुतेक रम ४२.८ टक्क्यांच्या असतात, जुन्या मोजणीत ७५ प्रूफ म्हणजेच २५ यू.पी. (यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ. "ही उत्तर प्रदेशची का" असं विचारणारा भेटतोच.) मग निव्वळ माप, कमाल किंमत, बॅच, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क, अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक आणि बोधचिन्ह, घटकांत कॅरॅमल असेल तर तो उल्लेख, आणि "फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी". मापाच्या आकड्यांची उंची किती हवी याचा तक्ता वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांत आहे, तो छापून भिंतीला लावा. बॅच, महिना आणि किंमत बॉटलिंगच्या वेळी शाईच्या यंत्रानं मारतात. त्यासाठी कोरी, फिकी, चकचकीत नसलेली जागा सोडा. गडद फॉइलवर ती शाई दिसत नाही आणि अंगठ्यानं पुसली जाते.

काय लिहायचं नाही, हेही बघा. आरोग्याचा कुठलाही दावा नको. रम सर्दीवर चालते, अंगात ऊब आणते, बाळंतिणीला देतात, हे आपल्या गावांत पिढ्यान्पिढ्या बोललं जातं. शेठ ते मागच्या लेबलवर "गमतीत" टाकू म्हणतील. टाकू नका. "अस्सल", "शुद्ध", "पारंपरिक" ही विशेषणंही ब्रँडच्या नावात घुसवू नका. अन्नसुरक्षेचे नियम अशा नावांखाली खुलासा छापायला लावतात, आणि "हे केवळ ब्रँडचं नाव आहे, मालाच्या खऱ्या स्वरूपाचं वर्णन नाही" अशा अर्थाची ओळ प्रीमियम बाटलीवर कशी दिसेल याची कल्पना करा.

पायरी ५ : नाव बदलत असेल तर

शक्यतो बदलू नका. बदलायचंच असेल तर ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ३३ मध्ये शोधा, बिअर सोडून बाकी मद्यं त्या वर्गात येतात. स्पेलिंगनं शोधा, उच्चारानं शोधा, मराठी-हिंदी दोन्ही अंगांनी शोधा. अर्जाची फी व्यक्तीला आणि लघुउद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये, एका वर्गासाठी.

देवांची, संतांची, महापुरुषांची नावं नकोत. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं-चित्रं व्यापारासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं कायद्यानंच मनाई आहे. गडकिल्ल्यांचाही मोह टाळा. गाविलगड, नरनाळा ही नावं रमला रुबाबदार वाटतील खरी, पण दुसऱ्या दिवशी दुकानासमोर मोर्चा असेल आणि मोर्चेकऱ्यांचं म्हणणं चूक नसेल. नद्यांच्या बाबतीत माझं मत तेच. वैनगंगा नाव कानाला गोड लागतं, पण लोक तिच्यात अस्थी सोडतात.

पायरी ६ : चित्र

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण विदर्भ म्हटलं की डोक्यात येणारं पहिलं चित्र रमसाठी नेमकं घातक आहे.

संत्रं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जगभर नाव आहे, शेठही म्हणतील "आपल्या मातीचं काहीतरी टाका, संत्रं टाका". पण इथल्या कुठल्याही भट्टीवर "एक संत्रा दे" म्हटलं तर फळ मिळत नाही. संत्रा हा देशी दारूचा ठरलेला स्वाद आहे आणि कित्येक वर्षांपासून देशीच्या लेबलवर नारिंगी रंग आणि संत्र्याची फोड छापली जाते आहे. पुण्या-मुंबईचा डिझायनर हे हमखास चुकतो. त्याला संत्रं ताजं, प्रादेशिक, प्रीमियम वाटतं. वरुड-मोर्शीच्या माणसाला ती ८० रुपयांची बाटली वाटते. नारिंगी रंगाबद्दलही सावध राहा. रमचा स्वतःचा रंग तांबूस, त्यावर नारिंगी चढवला की काउंटरमागून ती देशीच दिसते.

वाघ. ताडोबा, पेंच, मेळघाट आहेतच, पण वाघ आता रिसॉर्टवर आहे, फरसाणाच्या पाकिटावर आहे, नगरपालिकेच्या कमानीवर आहे. तुमचा वाघ त्या गर्दीतला एक होईल.

जहाज, नांगर, समुद्री चाचे. रमची ही जुनी वेस्ट इंडीजकडची चित्रं. समुद्रापासून इतक्या आत, धानाच्या बांध्यांत जहाज कशाला आणायचं?

वारली. ही चूक सर्रास दिसते. वारली चित्रकला पालघरकडची, तिचा विदर्भाशी संबंध नाही. गोंड चित्रशैली जवळची वाटते, पण आज कॅलेंडरांवर दिसते ती ठिपक्या-रेषांची शैली मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या परधान गोंड चित्रकारांनी पुढे आणली. ती घ्यायचीच तर चित्रकाराला काम द्या, पैसे द्या, नाव छापा. इंटरनेटवरून उचलून ट्रेस करू नका. मी स्वतः आदिवासी चित्रं दारूवर टाकत नाही. आदिवासी म्हणजे दारू हा समज आधीच पुष्कळ पसरलेला आहे, त्याला माझ्या फाइलची मदत नको. पोळ्याचा बैल, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी यांनाही सोडा, ती पूजेची चित्रं आहेत.

मग उरलं काय? बरंच. विदर्भाची करवती साडी बघा: टसर रेशमाचं अंग आणि काठाला करवतीच्या दात्यांची नक्षी. दोन रंग एकमेकांत दातेरी रेघेनं अडकलेले. लेबलच्या वरच्या-खालच्या कडेला हा काठ घेतला तर लांबून ठळक पट्टा दिसतो, जवळून विणकाम दिसतं, आणि पाहणाऱ्याला ते ओळखीचं पण न सांगता येणारं वाटतं. नक्षीपासून प्रेरणा घ्या, पण साडीचं भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव लेबलवर लिहू नका. आणि दातेरी कड डायनं कापायचा मोह आवरा. बर्फाच्या पाण्यात कागदाची टोकं आधी सुटतात, दात्यांची तर पहिली. कड सरळ कापा, दाते छापा.

दुसरी खाण म्हणजे झाडीपट्टी. देसाईगंज-वडसाच्या नाट्यकंपन्यांच्या पोस्टरवरची अक्षरं, मांडणी, रंग यांत जोर आहे. त्यातला भडकपणा सोडून अक्षरांचा आत्मविश्वास उचलता आला तर बघा. लोणारचा बेसॉल्ट, पानगळीतलं सागाचं मोठं पान, त्याची शिरांची जाळी, गुऱ्हाळाची कढई यांवरही काम करता येईल. रम खरोखर गुळाची असेल तरच कढई. विदर्भ हा मुख्यतः कापूस, सोयाबीन, धान, संत्र्याचा मुलूख आहे, ऊस इथे थोडका. हिरव्यागार उसाचे फड छापले तर कोल्हापूरचा माणूसही हसेल आणि आपलाही.

पायरी ७ : अक्षर

देशीची लेबलं मराठीत असतात, म्हणून महाग दारूवाले देवनागरीपासून पळतात आणि सगळं इंग्रजीत करतात. मला हे पटत नाही. स्वस्तपणा येतो तो तिरप्या, जाड, बाहेरून पांढरी कड आणि खाली सावली दिलेल्या अक्षरांतून. तेच नाव मध्यम जाडीच्या, सरळ उभ्या, नीट काढलेल्या अक्षरात लिहून बघा. शिरोरेखा हा आयता आडवा पट्टा आहे, लॅटिन अक्षरांना तो मिळत नाही. त्याच्यावर नाव टांगलं की फळीवर लांबूनही एकसंध दिसतं.

अक्षरांमध्ये जागा सोडून ऐट आणायची इंग्रजी पद्धत इथे चालत नाही, शिरोरेखा तुटते. फार बारीक अक्षरही नको, जाळीमागे ट्यूबलाइटच्या झगमगाटात दिसत नाही. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते तपासा. बरेच फॉन्ट आपोआप हिंदी वळणाचे ल-श देतात आणि फॉन्टमध्ये मराठीचा पर्याय असूनही तो निवडला जात नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे 'मुक्त', 'बलू' असे फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात, मागच्या बाजूच्या बारीक मजकुराला ते पुरतात. मुख्य नाव मात्र हातानं काढा किंवा काढून घ्या.

छापखान्याकडे श्रीलिपी आणि तुमच्याकडे युनिकोड असेल तर 'ऱ्या', 'र्‍हा', 'क्ष', 'ज्ञ' हमखास बिघडतात. सगळं कर्व्हमध्ये बदला आणि बदलल्यानंतर पुन्हा एकदा वाचा. आधी वाचलेलं धरू नका.

गोल बाटलीची वक्रताही मोजा. ७६ मिलिमीटर व्यासाच्या बाटलीचा घेर साधारण २३९ मिलिमीटर. समोरून नीट वाचता येतो तो जेमतेम एक तृतीयांश, म्हणजे ८० मिलिमीटर. नाव त्याच्या आत बसलं पाहिजे.

पायरी ८ : कागद, शाई, सोनं

सोनेरी म्हणजे प्रीमियम, हे समीकरण मोडायची वेळ झाली आहे. फळीवर सगळ्याच बाटल्या सोनेरी असतात. गरम फॉइल एकाच ठिकाणी वापरा, नावावर किंवा काठावर. बाकी गडद तपकिरी, काळपट निळा, कच्च्या रेशमाचा पिवळट पांढरा यांत काम भागतं. चकचकीत लॅमिनेशनपेक्षा मॅट, थोडा खरबरीत कागद हाताला महाग लागतो. देवनागरीच्या बारीक जोडाक्षरांवर फॉइल मारली की पोकळ्या भरून जातात, तिथे साधी शाईच ठेवा.

शेठचं बॉटलिंग कुठे आणि कसं होतं, ते आधी विचारा. गोंदाचं यंत्र असेल तर ओलं सोसणारा कागद लागतो आणि कागदाचा धागा कुठल्या दिशेनं हवा हे यंत्रवाला सांगतो. स्वयंचिकट रोल असेल तर रोल कुठल्या बाजूनं उलगडतो ते लागतं. हाताने चिकटवत असतील तर लेबल सरळ आयताकृतीच ठेवा, कारण वाकडा आकार रोज वेगळ्या कोनात लागेल.

पायरी ९ : नमुन्याला छळा

पन्नासेक लेबलं डिजिटल छापून बाटल्यांवर चिकटवा. काही बाटल्या बर्फाच्या पाण्यात दोन तास ठेवा आणि ओल्या अंगठ्यानं घासा. काही दुपारी टिनाच्या छपराखाली ठेवा, कारण इथली गोदामं तशीच असतात आणि उन्हाळ्यात गोंद पातळ होऊन लेबल घसरतं. एक पेटी भरून धारणीच्या घाटरस्त्यानं जाणाऱ्या गाडीत टाका आणि परत मागवा. खोक्यातल्या पुठ्ठ्याला घासून लेबलची कुठली कड पांढरी पडते ते तेव्हाच दिसतं.

आणखी एक चाचणी: लेबल अख्खं सोलून निघतं का? निघत असेल तर वाईट. रिकामी बाटली भंगारात जाते, तिथून भलत्याच ठिकाणी, आणि तिच्यात हलकी दारू भरून परत विकली जाते. महाग रमवर हा डोळा जास्त. लेबलला बारीक छेद द्यायला सांगा म्हणजे सोलताना ते फाटेल. झाकण पुन्हा भरता न येणारं, गुआला पद्धतीचं आहे का ते विचारा. नसेल तर शेठला खर्चाचा हिशेब मांडून दाखवा.

पायरी १० : मंजुरी, मग छपाई

लेबल राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मंजूर व्हावं लागतं. अर्ज कंपनी करते, पण फाइल तुमची असते. नुसता रंग किंवा चित्र बदललं तरी नवी मंजुरी घ्यावी लागते, हे शेठला लेखी सांगा. मंजुरी हातात येईपर्यंत एकही रोल छापू देऊ नका, कितीही घाई असली तरी. शेजारच्या मध्य प्रदेशात, छत्तीसगडमध्ये किंवा तेलंगणात विकायचं तर प्रत्येक राज्याची वेगळी मंजुरी आणि वेगळा मजकूर लागतो, शिवाय होलोग्रामला जागा लागू शकते. ती जागा पहिल्याच आराखड्यात मोकळी ठेवलेली बरी.

पैशांचं बोलणं मापाप्रमाणे करा. ७५०, ३७५ आणि १८० ही तीन वेगळी कामं आहेत. पव्वा चपटा असतो, त्यावर मोठ्या लेबलची लहान प्रत बसत नाही, सक्तीचा मजकूर तर मुळीच नाही. अर्धे पैसे आराखड्याआधी, उरलेले मंजुरीची फाइल देताना. छपाई झाल्यावर पैसे घेऊ असं ठरवलंत तर मंजुरी लांबेल तसे तुमचेही पैसे लांबतील. मूळ फाइल आणि हातानं काढलेल्या अक्षरांचा हक्क कुणाकडे राहील, तेही त्याच कागदावर लिहा.

आणि पेटी विसरू नका. ७५० च्या १२, ३७५ च्या २४, १८० च्या ४८ बाटल्यांची पेटी असते. तपकिरी पुठ्ठ्यावर एका रंगात छपाई होते, बारीक नक्षी तिथे फुटते. पेटीसाठी काठाचे दाते मोठे करून वेगळी फाइल द्या, आणि माप पेटीच्या चारही बाजूंना मोठ्या आकड्यांत टाका. गोदामात थप्पी लागली की हमालाला एकच बाजू दिसते, आणि ती कोणती असेल ते सांगता येत नाही.